सोन डूंग : पोटांत अरण्य वागविणारी गुहा

व्हिएतनाम देशाच्या मध्यभागीं, लाओसच्या सरहद्दीस लागून, चुनखडीच्या डोंगरांचा एक विस्तीर्ण प्रदेश आहे. फोंग न्हा-के बांग हें राष्ट्रीय उद्यान तेथलेंच. जागतिक वारशाच्या यादींत त्यास २००३ सालीं स्थान मिळालें. या अरण्यांत १९९० च्या सुमारास हो खान नांवाचा एक गरीब तरुण वनोपज शोधीत हिंडत असतां अकस्मात् वादळ उठलें, आणि आसरा पाहतां पाहतां तो एका भगदाडाच्या तोंडाशीं येऊन ठेपला. आंतून वारा जोरानें बाहेर येत होता व खोल कोठें तरी नदी गर्जत होती. आंत पाऊल टाकण्याचें धैर्य त्यास झालें नाहीं. वादळ शमल्यावर तो घरीं परतला, आणि पुढें ती वाटच विसरला!

गुहांचा शोध घेणारी कांहीं इंग्रज मंडळी हॉवर्ड लिंबर्ट यांच्या नेतृत्वाखालीं त्या भागांत वारंवार येत असत. हो खान यानें आपली हकीगत त्यांच्या कानांवर घातली; परंतु तें मुख कांहीं केल्या सांपडेना. अखेर २००८ सालीं त्यास तें पुन्हां गवसलें आणि १९०० किंवा १९५० च्या नव्हे, तर २००९ च्या जगास ही गुहा ठाऊक झाली! शोधाचा मान नेहमीं मोजपट्टी लावणाराकडे जातो. आमच्या मतें मात्र अठरा वर्षें एक आवाज कानांत सांठवून ठेवणाऱ्या या माणसाकडेच तो प्रथम गेला पाहिजे.

मोजणीअंतीं जे आंकडे हातीं आले त्यांनीं तज्ज्ञही चकित झाले. लांबी सुमारें ९ किलोमीटर. कोठें कोठें उंची २०० मीटर व रुंदी १५० मीटर. आंतील पोकळी ३ कोटी ८५ लाख घनमीटर. एका कुतुबमिनारावर दुसरा ठेवावा, त्यावर आणखी अर्धा चढवावा, तरी कळस छतास टेकणार नाहीं. तोंपर्यंत सर्वांत मोठ्या भुयाराचा मान बोर्निओ बेटावरील सारावाकच्या हरिणगुहेकडे होता. तो आतां सोन डूंगकडे आला.

ही पोकळी कोरली कोणीं? पावसाचें पाणी हवेंतला व जमिनींतला कर्बाम्लवायु शोषून किंचित् आम्ल होतें, आणि चुनखडीचा दगड अशा पाण्यांत हळूहळू विरघळतो. आमच्या सह्याद्रीचा काळा पाषाण असा सहजासहजीं विरघळत नाहीं. म्हणून वेरूळ-अजिंठ्यास माणसाला छिन्नी चालवावी लागली. येथें तें काम नदीनें लाखों वर्षें केलें. दोन ठिकाणीं तर छतच कोसळलें, व त्या गवाक्षांतून ऊन व पाऊस आंत उतरूं लागले. परिणाम असा कीं, गुहेच्या पोटांत उंच वृक्षांचें खरेंखुरें अरण्य उभें आहे. आंतल्या हवेंत धुकें जमतें, ढग तरंगतात. अन्यत्र थेंबाथेंबानें चुन्याचे थर चढून बनलेले गुळगुळीत गोटे, ज्यांस गुहेंतील मोतीं म्हणतात, ते उथळ खळग्यांत निजलेले दिसतात.

येथवर पोंचणें मात्र सोपें नाहीं. चार दिवसांची ही सफर पावसाळ्यांतील पुराचे महिने टाळून निघते. अरण्य तुडवीत, नदी ओलांडीत, हांग एन नांवाच्या दुसऱ्या प्रचंड गुहेंत पहिला मुक्काम करावयाचा. मग दोराच्या आधारानें सोन डूंगच्या मुखांतून सुमारें ८० मीटर खालीं उतरावयाचें. शेवटीं चुन्याच्या थरांनीं मढलेली एक उत्तुंग भिंत वाट अडविते. तिच्या पायथ्याचा चिखल असा, कीं शोधकांनीं त्यास पॅशनडेल हें पहिल्या महायुद्धांतील चिखलाच्या रणभूमीचें नांव दिलें! या भिंतीनें २००९ ची मोहीम रोखली. २०१० मध्यें ती चढून गेल्यावर पलीकडचा मार्ग सांपडला.

प्रवाशांस २०१३ पासून प्रवेश मिळूं लागला. एका तुकडींत दहाच प्रवासी, वर्षाकाठीं सुमारें हजार, आणि प्रत्येकीं खर्च सुमारें तीन हजार अमेरिकन डॉलर. सामान वाहणारे व वाटाडे बहुतेक आसपासच्या गांवचे. त्यांपैकीं कित्येक पूर्वीं याच रानांत चोरून लांकूड तोडीत वा शिकार करीत. हो खानही त्यांत सामील झाला. केरकचराच काय, मानवी मळही भाताच्या तुसांत मुरवून बाहेर वाहून नेतात.

अशा ठिकाणीं २०१४ सालीं आकाशपाळणा बांधण्याची योजना निघाली. तासाला हजार माणसें नेण्याची तिची प्रतिज्ञा होती. तिच्या बाजूनें बोलण्याजोगें पुष्कळ आहे, हें नाकारून चालणार नाहीं. तीन हजार डॉलर व धडधाकट गुडघे ज्यांच्यापाशीं आहेत, त्यांनींच काय तें सृष्टीचें वैभव पाहावें? घरांतील आजी-आजोबांनीं चित्रांवरच समाधान मानावें? प्रश्न रास्त आहे. तरीहि आमचा कौल विरोधकांच्याच बाजूस पडतो. दहा जणांच्या पावलांनींही जेथें मोतीं चिरडण्याचें भय, तेथें तासाला हजार माणसें म्हणजे चार दिवसांचें कौतुक व पुढें कायमचा उकिरडा. शिवाय पाळणा आला कीं ओझीं वाहणाराची गरज सरली. मग त्यानें पुन्हां कुऱ्हाड हातीं धरावी काय? व्हिएतनाममधील तरुणांनीं या योजनेविरुद्ध मोठा गदारोळ केला, आणि ती मागें पडली.

गुहेचें मोजमापही पुरें झालेलें नाहीं. २०१९ च्या एप्रिलांत तीन इंग्रज पाणबुडे आंतील पाण्यांत उतरले. शेजारच्या हांग थुंग गुहेशीं हिचा पाण्याखालून संबंध आहे काय, हें त्यांस पाहावयाचें होतें. सुमारें ७७ मीटर खोलीपर्यंत ते गेले. त्याहून खोल जाण्याजोगी साधनसामग्री बरोबर नसल्यानें तेथून परतले. बोगदा पुढें आणखी खालींच उतरत होता.