ग्रेड द्यायचा, पण कशाला? एका फसलेल्या सीझनचं पोस्टमॉर्टेम

६ ऑक्टोबर २०२२. डेन्व्हर शहरात डेन्व्हर ब्रॉन्कोज विरुद्ध इंडियानापोलिस कोल्ट्स हा सामना जादा वेळेत गेलाय. कोल्ट्स १२, ब्रॉन्कोज ९. इतका वेळ खेळून एकाही संघाला टचडाउन करता आलेला नाही.

थांबा, आधी खेळ समजून घेऊ. हा आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे, अमेरिकन फुटबॉल. प्रत्येक संघात आक्रमणाचे ११ खेळाडू वेगळे आणि बचावाचे ११ वेगळे. आक्रमण करणाऱ्यांना १० यार्ड पुढे जायला ४ प्रयत्न मिळतात. प्रत्येक प्रयत्नाला 'प्ले' म्हणतात. क्वार्टरबॅक चेंडू हातात घेतो, समोरचे पाच धिप्पाड लाइनमन त्याचं रक्षण करतात, रिसीव्हर पळत जाऊन त्याने फेकलेला चेंडू झेलतात आणि रनिंग बॅक चेंडू घेऊन पळतो. चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेला की टचडाउन, ६ गुण. लाथ मारून खांबांमधून घालवला की फील्ड गोल, ३ गुण. आणि चेंडू फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडलं तर तो 'सॅक'. एवढं पुरे.

तर, ब्रॉन्कोजचा चौथा प्रयत्न. हवा आहे फक्त १ यार्ड, टचडाउनची रेषा ५ यार्डांवर. फील्ड गोल मारला असता तर बरोबरी झाली असती. पण ब्रॉन्कोज जिंकायला गेले. क्वार्टरबॅक रसेल विल्सनने चेंडू कोर्टलँड सटनकडे फेकला, कोल्ट्सच्या स्टेफॉन गिलमोरने तो मध्येच उडवला. सामना संपला. त्याच क्षणी के. जे. हॅमलर हा दुसरा रिसीव्हर पूर्ण मोकळा होता. त्याने वैतागून हेल्मेट जमिनीवर आपटलं.

आता तुम्ही परीक्षक आहात. या एका प्लेचे ग्रेड द्या बघू.

विल्सनला कमी? मोकळा माणूस सोडून त्याने पहारा असलेल्या माणसाकडे फेकलं, बरोबर. सटनला? त्याच्या नावावर एक हुकलेला पास लागला, पण समोर गिलमोरसारखा तगडा बचावपटू होता. हॅमलरने आपलं काम चोख केलं, तरी आकडेवारीत त्याचं नावच येत नाही. आणि फील्ड गोल न घेण्याचा निर्णय तर मैदानाबाहेर उभ्या असलेल्या प्रशिक्षकाचा. एकच निकाल, पण त्याच्या मागे निदान चार जणांचे निर्णय. पीएचडीला बसण्याआधी ज्या प्रश्नाशी मैत्री करायला हवी तो हाच आहे: परिणाम एकत्र दिसतो, कारणं मात्र वेगवेगळी असतात. मग श्रेय आणि दोष कसा वाटायचा?

सीझनचा निकाल

मार्च २०२२ मध्ये ब्रॉन्कोजने पहिल्या फेरीच्या दोन निवडी, दुसऱ्या फेरीच्या दोन निवडी आणि तीन खेळाडू असा मोठा मोबदला देऊन विल्सनला सिएटलकडून आणलं. सप्टेंबरमध्ये त्याच्याशी ५ वर्षांचा सुमारे २४.५ कोटी डॉलरचा नवा करार केला. हाती काय आलं? ५ विजय, १२ पराभव. १७ सामन्यांत २८७ गुण, म्हणजे सामन्याला १६.९. अख्ख्या लीगमध्ये सगळ्यात कमी. मुख्य प्रशिक्षक नॅथॅनियल हॅकेट यांना पहिलाच सीझन पूर्ण व्हायच्या आत, २६ डिसेंबरला काढून टाकलं.

विल्सनचं प्रगतिपुस्तक: १६ टचडाउन पास, ११ इंटरसेप्शन, पासर रेटिंग ८४.४. आदल्या वर्षी सिएटलकडून हेच आकडे २५, ६ आणि १०३.१ होते. घसरण स्पष्ट दिसते. बहुतेक लोक इथेच 'नापास' लिहून मोकळे होतात. आपण जरा थांबू.

प्रश्न १: तुमचं माप नक्की काय मोजतं?

पासर रेटिंग हे १९७३ पासून वापरात असलेलं सूत्र आहे. किती पास पूर्ण झाले, किती यार्ड मिळाले, टचडाउन किती, इंटरसेप्शन किती, या चार गोष्टी त्यात येतात. सॅक येत नाही. म्हणजे क्वार्टरबॅक चेंडू धरून बसला आणि पडला, तर संघाचं नुकसान होतं, पण रेटिंगला धक्का लागत नाही. विल्सन २०२२ मध्ये ५५ वेळा सॅक झाला, लीगमध्ये सर्वाधिक. त्याच्या मुख्य मापात यातलं काहीच नाही!

दुसरी पद्धत प्रो फुटबॉल फोकस या कंपनीची. तिथे माणसं व्हिडिओ बघून प्रत्येक खेळाडूला प्रत्येक प्लेसाठी उणे २ ते अधिक २ असा गुण देतात, अर्ध्या-अर्ध्या गुणाच्या पायऱ्यांनी. यात हॅमलरसारख्याला न्याय मिळू शकतो. पण अडचण अशी की बघणाऱ्याला संघाचा मूळ बेत माहीत नसतो. रिसीव्हर चुकीच्या दिशेला पळाला की क्वार्टरबॅकने चुकीच्या जागी फेकलं, हे बाहेरून ठरवणं अवघड.

तिसरी पद्धत 'एक्स्पेक्टेड पॉइंट्स'ची: प्लेच्या आधी त्या जागेवरून सरासरी किती गुण अपेक्षित होते, प्लेनंतर किती झाले, आणि फरक किती पडला. हिचं मूळ १९७१ च्या एका शोधनिबंधात आहे आणि त्याचा एक लेखक व्हर्जिल कार्टर हा स्वतः व्यावसायिक क्वार्टरबॅक होता. सहलेखक रॉबर्ट मॅकोल. ही पद्धत परिस्थितीचा विचार करते, पण मिळालेला फरक ११ जणांमध्ये वाटायचा कसा, ते सांगत नाही.

तिन्ही मापं आपापल्या जागी ठीक आहेत, पण तिन्ही वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात. तुमच्या थिसिसमध्येही 'आम्ही अमुक इंडेक्स वापरला' असं लिहिण्याआधी त्या इंडेक्समध्ये काय येत नाही, ते एकदा लिहून काढा.

प्रश्न २: ५५ सॅक कुणाच्या नावावर?

सोपं उत्तर: लाइनमनच्या. डावा टॅकल गॅरेट बोल्सचा पाय वर सांगितलेल्या त्याच कोल्ट्सच्या सामन्यात मोडला. लाइन विस्कळीत होतीच. पण हे तपासायचं कसं? माणूस तोच ठेवून आजूबाजूची परिस्थिती बदलली तर काय होतं, ते बघा. सिएटलमध्ये, वेगळ्या लाइनमागे, विल्सन २०१८ मध्ये ५१, २०१९ मध्ये ४८ आणि २०२० मध्ये ४७ वेळा सॅक झाला होता. २०२३ मध्ये ब्रॉन्कोजने लाइनसाठी माइक मॅकग्लिंची आणि बेन पॉवर्स यांना मोठे करार देऊन आणलं, तरी १५ सामन्यांत ४५ सॅक झाले. संघ बदलला, लाइन बदलली, पण आकडा फारसा हलला नाही. म्हणजे सॅकचा बराच भाग विल्सनच्या खेळण्याच्या पद्धतीसोबत फिरतो, असं म्हणायला आधार आहे. पूर्ण पुरावा नाही. पण नुसत्या २०२२ च्या आकड्यापेक्षा कितीतरी भक्कम.

प्रश्न ३: आकडा पुरेसा मोठा आहे का?

आता रिसीव्हर बघू. २०२२ मध्ये जेरी जूडीचे ९७२ यार्ड आणि ६ टचडाउन, सटनचे ८२९ यार्ड आणि २ टचडाउन. ग्रेड सोपा वाटतो ना? जूडी हुशार, सटन निराशाजनक.

पुढच्या वर्षी काय झालं? सटन ७७२ यार्ड आणि १० टचडाउन. जूडी ७५८ यार्ड आणि २ टचडाउन. सटनचे यार्ड चक्क कमी झाले, टचडाउन मात्र पाचपट!

विरळ घटनांच्या गणतीत अंदाजे त्या संख्येच्या वर्गमूळाएवढा चढउतार नुसत्या योगायोगाने येतो. ६ मध्ये साधारण अडीच, २ मध्ये साधारण दीड. त्यामुळे ६ विरुद्ध २ हा फरक 'गुणवत्तेचा' म्हणणं धाडसाचं आहे. शिवाय जूडीच्या ६ पैकी ३ टचडाउन ११ डिसेंबरच्या एकाच सामन्यात आले. सटनची २ वरून १० ही उडी मात्र निव्वळ योगायोगाला जरा जड जाते, काहीतरी खरंच बदललं असावं. पण लक्षात घ्या, सटनचं उदाहरण मी निवडलंच त्याचा फरक डोळ्यांत भरला म्हणून. संघातल्या सगळ्यांमधून सर्वात मोठी उडी उचलली की ती नेहमीच मोठी दिसणार. तुमच्या डेटामधला 'इंटरेस्टिंग' पॉइंटही असाच निवडला गेलेला असतो, हे विसरू नका.

प्रश्न ४: एका वेळी किती गोष्टी बदलल्या?

हॅकेट गेल्यावर शेवटच्या दोन सामन्यांत ब्रॉन्कोजने २४ आणि ३१ गुण केले. आधीच्या १५ सामन्यांची सरासरी १५.५ होती. म्हणजे दोष प्रशिक्षकाचा? दोनच सामने, आणि ३१ गुण झाले त्या सामन्यात समोरच्या चार्जर्सची प्लेऑफमधली जागा आधीच पक्की झाली होती.

२०२३ मध्ये शॉन पेटन प्रशिक्षक झाले. विल्सन २६ टचडाउन, ८ इंटरसेप्शन, रेटिंग ९८.०. प्रशिक्षकावरचा संशय वाढतो. पण लाइनही नवी होती आणि जखमी खेळाडू परत आले होते. एकाच वेळी तीन व्हेरिएबल हलले, तर एकाला शंभर टक्के श्रेय देता येत नाही. गंमत म्हणजे एवढं सुधारूनही शेवटच्या दोन सामन्यांत विल्सनला बाकावर बसवलं आणि मार्च २०२४ मध्ये सोडून दिलं. ग्रेड चुकला की माणसाची नोकरी जाते, किंवा चुकीच्या माणसावर कोट्यवधी खर्च होतात. हा नुसता कागदी खेळ नाही.

तर माझे ग्रेड, खात्रीसकट

विल्सन: डी. त्या वर्षीच्या कामगिरीबद्दल खात्री जास्त, त्याच्या क्षमतेबद्दल कमी.
जूडी: बी. यार्डांवरून दिला आहे, टचडाउनवरून नाही.
सटन: सी अधिक. दोन टचडाउन बघून डी द्यायचा मोह होतो, तो आवरला.
लाइन: सी उणे. खात्री कमी, कारण सॅकमध्ये विल्सनचा वाटा आहे.
जॅव्हॉन्टे विल्यम्स, टिम पॅट्रिक: 'अपूर्ण'. पहिल्याचा गुडघा चौथ्या आठवड्यात गेला, दुसऱ्याचा सीझनच्या आधी, सरावातच. डेटा नाही तिथे शून्य लिहायचं नसतं. हा नियम एक्सेल शीटमध्येही पाळा.

स्वतः करून बघायचं असेल तर १९९९ पासूनचा प्रत्येक प्लेचा डेटा आर भाषेतल्या एनएफएलफास्टआर या पॅकेजमधून फुकट मिळतो. एक संघ निवडा, एक फसलेला सीझन घ्या, ग्रेड द्या आणि प्रत्येक ग्रेडपुढे एक ओळ लिहा: 'पुढच्या वर्षी काय दिसलं तर मी हा ग्रेड बदलेन?' मग पुढच्या वर्षीचा डेटा उघडा. ही ओळ आधी लिहायची. नंतर लिहिली तर तिचा काही उपयोग नाही.