शकुंतलेचे कुंपण, तुराटीचे

मूर्तिजापूर-कारंजा-यवतमाळ मार्गावरची आपली शकुंतला १९९४ पर्यंत वाफेवर धावली. आता रूळ मुके आहेत. शेलूबाजारच्या पोरांना ती दाखवायची तर अंगणातच मांडावी लागेल. आम्ही माप धरतो फुटाला अर्धा इंच. रुळांतले अडीच फूट अंतर झाले सव्वा इंच, चार फुटांचे कुंपण दोन इंच. खांबांना वाळल्या तुराटीच्या बारीक काड्या घ्या, पाच-पाच इंचांवर. गाडायला इंचभर जास्त ठेवा अन् तेवढे टोक जळक्या ऑइलात बुडवा, नाहीतर वाळवी सोडत नाही. तार जळालेल्या पंपाच्या वाइंडिंगची, तीन ओळी. फार ताणू नका. आपल्या धुऱ्यावरची तार कुठं सरळ असते? एखादा खांब कलताच बरा. रंगाचा खर्च नको, एका पावसाळ्यात काडी आपोआप करडी पडते.