न विटणारा रंग

मुंबईत कुलाब्याला गेलात तर अफगाण चर्च अवश्य पाहा. पहिल्या अफगाण युद्धात कामी आलेल्या सैनिकांचे हे स्मारक १८५८ साली उपासनेसाठी खुले झाले. त्याच्या मोठ्या खिडक्यांतील रंगीत काचचित्रे इंग्लंडमधील विल्यम वेल्स या कारागिराची आहेत. बाहेरून या खिडक्या काळपट दिसतात. आत जाऊन उजेडाकडे पाहिले, की रंग झळकू लागतात.

सहलीहून मानवतला परतताना एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, माझी ओढणी दोन उन्हाळ्यांत विटली. या काचांनी तर शंभरावर उन्हाळे काढले. त्यांचा रंग का उडाला नाही?" मी "तो रंग पक्का असतो" असे सांगून मोकळा झालो. पण हे काही उत्तर नव्हे! खरे उत्तर असे आहे.

कापडाचा रंग म्हणजे कार्बनयुक्त मोठे रेणू. रेणूने प्रकाश शोषला, की त्यातील इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापातळीवर जातो. बहुधा तो उष्णता देऊन खाली येतो. पण क्वचित त्या ऊर्जेने, हवेतील ऑक्सिजनच्या साहाय्याने, रेणूतील बंधच तुटतो. असे तुटके रेणू वाढत गेले, की ओढणी विटते.

काचेचे तसे नाही. वाळू, सोडा व चुनखडी भट्टीत वितळवताना अगदी थोडे कोबाल्ट ऑक्साइड मिसळले, की निळी काच होते. काच थिजली, की कोबाल्टचा आयन ऑक्सिजनच्या अणूंमध्ये घट्ट बसतो. तो तांबडा-पिवळा प्रकाश शोषतो आणि मिळालेली ऊर्जा उष्णतेच्या रूपाने भोवतालच्या अणूंना देऊन पूर्ववत होतो. मोडण्याजोगा रंगाचा रेणूच तेथे नाही! तांब्याच्या अतिसूक्ष्म कणांनी काच तांबडी होते. हा रंग इतका गडद असतो, की साध्या काचेवर त्याचा पातळ थरच देतात. पिवळ्या रंगासाठी काचेवर चांदीचे संयुग लावून ती भाजतात. चांदी काचेत मुरते.

मात्र उन्हाने काच कधीच बदलत नाही, असे समजू नका. मँगॅनीज असलेली काही जुनी रंगहीन काच वर्षानुवर्षे उन्हात राहिल्यास जांभळट होते.

आता हा प्रयोग करा. रंगीत सुती कापडाचा तुकडा आणि आरपार हिरव्या काचेची बांगडी घ्या. दोन्हींचा अर्धा भाग जाड पुठ्ठ्याने झाका आणि एप्रिल-मे महिन्यांत गच्चीवर उन्हात ठेवा. महिन्याने झाकलेला व उघडा भाग शेजारी धरून पाहा आणि फरक वहीत नोंदवा.