प्रकरणाच्या माथ्यावरचे वचन

गतवर्षीच्या अंकात आमच्या हातून एक चूक झाली. एका निबंधाच्या आरंभी तुकाराममहाराजांच्या नावाने दोन ओळी छापल्या गेल्या. अंक घरोघर पोहोचल्यावर एका वयोवृद्ध पालकांनी शाळेत येऊन शांतपणे विचारले, “हा अभंग गाथेत कितवा?” आम्ही गाथा उघडली, चार संध्याकाळी पाने चाळली; परंतु त्या ओळी काही सापडल्या नाहीत. विद्यार्थ्याने त्या कोणाच्या तरी भाषणात ऐकल्या होत्या आणि आम्ही त्या न पडताळता छापल्या. दोष विद्यार्थ्याचा अल्प, आमचा अधिक. त्या निमित्ताने, आपल्या लेखनाच्या माथ्यावर दुसऱ्याचे वचन का घालावे व कसे घालावे, याचा आम्ही विचार करू लागलो. आणि थोर कादंबरीकारांच्या ग्रंथांत या प्रश्नाचे फार बोधप्रद उत्तर आहे, असे आम्हांस आढळून आले.

वस्तुतः ही रीत आपणांस परकी नाही. कीर्तनकार पूर्वरंगात संतांचा एखादा अभंग घेतो, त्याचे निरूपण करतो, उत्तररंगात आख्यान सांगतो आणि अखेरीस पुन्हा मूळ पदावर येतो. आरंभी साधा वाटलेला तोच चरण आख्यान ऐकल्यानंतर निराळ्या तेजाने झळकतो. कादंबरीच्या प्रकरणाआरंभी घातलेल्या वचनाचेही कार्य असेच असते. त्यास आपण शीर्षवचन म्हणू.

इंग्रजी कादंबरीत ही प्रथा रूढ करणाऱ्यांत ॲन रॅडक्लिफ या लेखिकेचे नाव अग्रभागी येते. तिच्या ‘मिस्टरीज ऑफ उडोल्फो’ (1794) या कादंबरीत प्रकरणांच्या आरंभी शेक्सपिअर, मिल्टन, टॉमसन आदी कवींच्या ओळी आहेत. पुढे सर वॉल्टर स्कॉट याने ही प्रथा उचलली. त्याची एक गोष्ट मनोरंजक आहे. ‘द अँटिक्वरी’ (1816) या कादंबरीची मुद्रिते तपासताना त्यास एका जुन्या नाटकातील उतारा हवा होता. शेजारी बसलेला त्याचा स्नेही जॉन बॅलंटाइन पुस्तक चाळीत राहिला, पण उतारा मिळेना. तेव्हा स्कॉट कंटाळून म्हणाला की, तू शोधशील त्याच्या आधी मीच नवे वचन रचून टाकीन! आणि त्याने तसे केलेही. पुढे आठवण दगा देई तेव्हा तो स्वतःच ओळी रची आणि खाली ‘जुने नाटक’ अथवा ‘जुना पोवाडा’ असे लिही. 1827 साली त्याने ही गोष्ट स्वतः छापून कबूल केली. तो विनोद होता. तरीही नसलेल्या नाटकाचा शोध घेत बसणाऱ्या वाचकांची आम्हांस कीव येते!

या कलेचा परिपाक मात्र जॉर्ज इलियट या टोपणनावाने लिहिणाऱ्या मेरी ॲन एव्हन्स या विदुषीच्या ‘मिडलमार्च’ (1871-72) या कादंबरीत दिसतो. तिच्या शहाऐंशीही प्रकरणांच्या माथ्यावर शीर्षवचने आहेत. दुसऱ्या प्रकरणाचेच पाहा. तेथे सर्व्हान्टीसच्या ‘डॉन क्विक्झोट’मधील एक संवाद दिला आहे. डॉन क्विक्झोटला समोरून सुवर्णाचे शिरस्त्राण घातलेला सरदार येताना दिसतो. त्याचा सेवक सँको यास मात्र गाढवावर बसलेला आणि डोक्यावर काही चकाकते ठेवलेला एक साधा मनुष्य दिसतो. मूळ कथेत ते शिरस्त्राण म्हणजे न्हाव्याचे पितळी भांडे असते. एवढे सांगून लेखिका कथेकडे वळते. डोरोथिया ही ध्येयवेडी तरुणी प्रौढ पंडित कॅसॉबन यास महापुरुष समजते. तिची धाकटी बहीण सीलिया हिला मात्र त्याच्या चेहऱ्यावरचे तीळच दिसतात. डोरोथियाची फसगत होणार, हे लेखिकेने स्वतः एका शब्दानेही म्हटलेले नाही. परंतु सूज्ञ वाचकास ते माथ्यावरच कळून चुकते.

पंच्याऐंशीव्या प्रकरणाचा प्रकार याहून खोल आहे. तेथे बनियनच्या ‘पिलग्रिम्स प्रोग्रेस’मधील तो प्रसंग आहे, ज्यात दुष्ट पंच एका निष्ठावंत यात्रिकास दोषी ठरवितात. प्रकरण मात्र बल्स्ट्रोड या सावकाराचे आहे. धार्मिकतेचा आव आणणाऱ्या त्या गृहस्थाचे जुने पाप उघडकीस आले असून तो मान खाली घालून गाव सोडण्याच्या बेतात आहे. लेखिका सुचविते की, सत्यासाठी दगड खाणाऱ्यास निदान आपल्या निष्ठेचा आधार असतो. पण आपण दाखविले तसे नव्हतो म्हणूनच हे दगड पडत आहेत, हे ज्यास ठाऊक आहे, त्याची स्थिती अधिक करुण होय. येथे वचन व प्रकरण यांचा सूर एक नाही. त्यांच्यातील विरोधातूनच अर्थ उत्पन्न होतो.

आपल्या देशातही बंकिमचंद्र चट्टोपाध्याय यांनी ‘कपालकुंडला’ (1866) या बंगाली कादंबरीत शेक्सपिअर, कालिदास आणि मायकेल मधुसूदन दत्त यांची वचने प्रकरणांच्या आरंभी गुंफून तीन भाषांतील काव्य एका सूत्रात आणले.

मग विद्यार्थिमित्रांनी यातून काय घ्यावे? पहिली गोष्ट ही की, वचन म्हणजे दाराचे तोरण नव्हे. ते काढून टाकले असता लेखाचे काहीच उणे होत नसेल, तर ते खुशाल काढावे. दुसरी गोष्ट, लेखाचे सार आधीच सांगून टाकणारे वचन घेऊ नये. जे वाचून जिज्ञासा वाढते आणि लेख संपल्यावर ज्याकडे पुन्हा वळून पाहावेसे वाटते, ते घ्यावे. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे, वचन ज्याचे त्याच्याच नावे असावे, आणि ते मूळ ग्रंथात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले असावे. जॉर्ज इलियटलाही प्रत्येक वेळी मनाजोगे वचन सापडले नाही. तेव्हा तिने ते स्वतः रचले आणि त्याखाली कोणाचेच नाव घातले नाही. थोरांचे नाव खाली लिहिले की आपल्या शब्दांस वजन येते, हा मोह मोठा आहे. परंतु ते वजन उसने असते, आणि गाथा उघडून पाहणारा एखादा वाचक ते कधीतरी परत मागतोच.

यंदाच्या अंकातील प्रत्येक वचन आम्ही मूळ ग्रंथाशी ताडून पाहिले आहे. जी सापडली नाहीत, ती गाळली आहेत. त्या वयोवृद्ध पालकांस हा अंक आम्ही स्वतः नेऊन देणार आहोत.