न्यायालयीन व्यवस्थापनाचे अधांतरी पद
भिलाईजवळच्या बोरसीतील पदवीधराला न्यायालयीन सेवा म्हटले की न्यायाधीश किंवा लिपिक एवढेच आठवते. न्यायाधीशांवरील प्रशासकीय भार हलका व्हावा, यासाठी तेराव्या वित्त आयोगाने २०१०-१५ या काळासाठी न्यायालय व्यवस्थापकांकरिता ३०० कोटी रुपये सुचवले. तथापि अनेक राज्यांत या नेमणुका कंत्राटीच राहिल्या. अखेर १६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, योग्यता चाचणीच्या अटीवर, त्यांना नियमित करण्याचा आणि किमान द्वितीय श्रेणी राजपत्रित दर्जा देण्याचा आदेश दिला. छत्तीसगडात नियम करण्याची जबाबदारी बिलासपूरच्या उच्च न्यायालयाची, मंजुरीची राज्य सरकारची. दर्जाबरोबर अधिकार मिळाले नाहीत, तर निवाड्यांसाठीचा वेळ पुन्हा कारभारातच खर्ची पडेल.