बोटभर कापड आणि समोरचा वारा

जपानच्या उत्तरेला होक्काइदो नावाचं मोठं बेट आहे, आणि त्या बेटाच्या पोटात, चहूबाजूंनी डोंगरांनी वेढलेलं कामिकावा नावाचं एक चिमुकलं गाव आहे. हिवाळ्यात तिथं बर्फ असा काही पडतो की पोरासोरांना खेळायचं तर डोंगरावरून घसरण्यावाचून गत्यंतरच नाही. आणि घसरता घसरता कुणाला तरी बुद्धी होते की पायथा गाठायच्या आधी जरा उडूनही बघावं. त्या नादाला स्की जंपिंग म्हणतात. १९९६ साली या गावात सारा ताकानाशी जन्मली. बाप जुना उडीवाला, पण पोर आधी बॅले शिकत होती, पियानो वाजवत होती, आणि दुसरीच्या वर्गात गेली तेव्हा कुठं तिनं उडीच्या डोंगराला हात घातला. मोठी झाली तरी उंची भरली १५२ सेंटिमीटर, म्हणजे पुरती पाच फूट. पण पुढं बाप्यांच्या नावावरचा विक्रम हिनंच मोडला, म्हणून तर तिची गोष्ट सांगायला बसलो.

आधी ही उडी म्हणजे काय प्रकार आहे तो नीट ऐका, कारण त्यात गंमत आहे. उंच मनोऱ्यावर एक आडवी दांडी असते, तिच्यावर बसायचं, हिरवा दिवा लागला की सोडून द्यायचं, आणि बर्फाच्या दोन चरांतून गुडघे छातीशी घेऊन खाली सुटायचं. कड्याशी पोचेपर्यंत वेग होतो ताशी ९० किलोमीटरच्या घरात. आता कुणालाही वाटेल की तो कडा वर वळलेला असणार, म्हणजे माणूस आभाळात फेकला जात असेल. छे! कडा चक्क खाली झुकलेला असतो, दहा-अकरा अंशांनी. म्हणजे उतारावरूनच उतरणीला उडी मारायची, आणि पायांत जो काही जोर असेल तो नेमक्या क्षणी लावायचा. तो क्षण सेकंदाच्या दहाव्या हिश्शानं चुकला, तर माणूस तोवर अडीच मीटर पुढं गेलेला असतो. हिशेब करून बघा, ९० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५ मीटर.

पुढची गंमत वाऱ्याची. सायकल मारताना वारा पाठीमागून असावा असं आपल्याला वाटतं, आणि ते बरोबरच आहे. इथं मात्र पाठचा वारा वैरी आणि समोरचा वारा सोयरा. गच्चीवर रिकामं सूप घेऊन वाऱ्याकडे तोंड करून उभं राहा आणि सुपाची पुढची कड जराशी उचला. सूप हातातून सुटू बघतं, वर जातं. उडीवाल्याचं अंग म्हणजे तेच सूप. पूर्वी स्की जुळवून समांतर धरायची पद्धत होती, मग १९८० नंतरच्या काही वर्षांत यान बोक्लोव्ह नावाच्या एका स्वीडिश गड्यानं टोकं फाकवून धरायला सुरुवात केली. परीक्षकांनी नाकं मुरडली, त्याचे गुण कापले, पण वाऱ्याला त्या गुणांशी काय देणंघेणं! फाकवलेल्या स्कीखाली वारा जास्त सापडतो, माणूस लांब जातो, आणि आज सगळेच तसं उडतात. जमिनीपासून फार उंच जात नाहीत बरं का. डोंगरच पायाखालून खाली खाली सरत जातो, म्हणून शंभर मीटर जाऊनही हाडं शाबूत राहतात.

तर ही सारा. ३ मार्च २०१२ला जपानातल्याच झाओ इथं तिनं विश्वचषकाची पहिली स्पर्धा जिंकली, वय वर्षं पंधरा. पुढच्याच हंगामात सगळ्या मोसमाचा चषक नेला, त्याच्या पुढच्या हंगामात अठरापैकी पंधरा स्पर्धा जिंकल्या. अठरापैकी पंधरा! वाऱ्यावर चालणाऱ्या खेळात असं होत नसतं. उतरताना एक पाय पुढं टाकून गुडघा वाकवायचा, त्याला टेलिमार्क म्हणतात, आणि त्यात ती जरा कच्ची, तिथं तिचे गुण जायचे; पण उडीच एवढी लांब की तेवढं चालून जाई.

इथं जरा आडवाटेला जातो. पुरुषांची ही उडी ऑलिम्पिकमध्ये १९२४ पासून आहे, बायकांना मात्र २०१४ उजाडावं लागलं. नव्वद वर्षं! कारण काय, तर बाईच्या देहाला ही आदळआपट सोसायची नाही. हे आजोबा-पणजोबांच्या काळातलं बोलणं समजू नका. २००५ साली या खेळाच्या जागतिक संघटनेचा अध्यक्षच असं बोलून गेला. आणि तिकडं ऑस्ट्रियात किट्झब्युएलला पाउला लामबर्ग नावाच्या उमरावीण बाईंनी १९११ सालीच लांब घागरा नेसून २२ मीटरची उडी मारलेली! २००९ साली तर उडीवाल्या बायका कॅनडाच्या कोर्टात गेल्या. न्यायाधीश म्हणाल्या, भेदभाव होतोय खरा, पण ऑलिम्पिकवाल्यांना हुकूम सोडणं आमच्या हातात नाही.

अखेर २०१४ साली रशियात सोचीला दार उघडलं, आणि जो तो म्हणाला, सोनं साराचंच. ११ फेब्रुवारीची रात्र होती. तिची पाळी आली की वारा पाठीमागून, दोन्ही उड्यांना. वाऱ्याचे गुण मिळवायचा-वजा करायचा नियम आहे, पण हवेनं हात काढून घेतला की आकडेमोड माणसाला उचलून धरत नाही. सारा चौथी आली. सोनं जर्मनीच्या कारिना फोग्टनं नेलं. चार वर्षांनी कोरियात साराला कांस्य मिळालं, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये ओबरस्टडॉर्फला तिनं विश्वचषकातला ५४वा विजय मिळवून ऑस्ट्रियाच्या ग्रेगोर श्लीरेनत्साउअरचा ५३चा विक्रम मागं टाकला. तोवर बाई असो बाप्या, इतके विजय कुणाचे नव्हते.

कामिकावाच्या पाण्यातच काही असावं बहुधा. पुरुषांतला उडीवाला मासाहिको हारादा याच गावचा. १९९४ साली नॉर्वेत लिलेहामरच्या ऑलिम्पिकमध्ये सांघिक सोनं जपानच्या ओटीत पडल्यासारखंच होतं, शेवटची एक बरी उडी हवी होती, आणि हारादा ९७.५ मीटरवर गळपटला. चार वर्षांनी नागानोला, घरच्या लोकांसमोर, हिमवादळात पहिली उडी पुन्हा फसली, ७९.५ मीटर, लोकांनी कपाळाला हात लावला, आणि दुसरीला हा पठ्ठ्या १३७ मीटर जाऊन सोनं घेऊन आला. पण २००६ला तूरिनमध्ये त्याला बाद केलं. का? तर स्कीच्या लांबीच्या मानानं वजन २०० ग्रॅम कमी भरलं. हलकं अंग लांब जातं म्हणून पोरं उपाशी राहायला लागली, तेव्हा हा नियम आला, की हलक्यानं आखूड स्की बांधाव्यात. नियम चांगलाच आहे, पण २०० ग्रॅम म्हणजे पेलाभर पाणी हो!

साराचं झालं ते कापडामुळं. ७ फेब्रुवारी २०२२, बीजिंग ऑलिम्पिक, मिश्र संघांची स्पर्धा. पहिली उडी तिनं १०३ मीटर मारली, सुरेख. मग खाली मापवाले टेप घेऊन आले आणि मांडीपाशी सूट २ सेंटिमीटर जास्त निघाला. सैल कापडात वारा भरतो, शीड फुगावं तसा, म्हणून मापाबाबत कुणाची गय नाही. सगळे गुण गेले. त्या दिवशी जर्मनी, ऑस्ट्रिया आणि नॉर्वेच्याही मुली याच कारणानं बाद झाल्या, एकूण पाच, पण ओक्साबोक्शी रडली ती सारा. तरी दुसऱ्या उडीला वर गेली, ९८.५ मीटर उडाली, उतरली आणि तिथंच बसकण मारली. जपान चौथा आला, कांस्यापासून जेमतेम आठ गुणांवर. दुसऱ्या दिवशी तिनं समाजमाध्यमावर फोटोच्या जागी एक काळाकुट्ट चौकोन टाकला आणि त्याखाली सगळ्यांची माफी मागितली. आता बोटभर कापडासाठी कुणी कुणाची माफी मागायची, हे मला काही अजून उलगडलेलं नाही.

महिना उलटायच्या आत, २ मार्चला, विश्वचषकाची माणसं नॉर्वेत जमली होती. गाव तेच, लिलेहामर, जिथं हारादाची उडी गळपटली होती. सारा वर चढली, दांडीवर बसली, दिवा हिरवा झाला, आणि त्या दिवशी पहिली आली ती तीच.