गुडी, कुडी आणि लिस्बन

लिस्बनची तिकिटं काढल्यापासून मी फोनवर पोर्तुगीज शिकतेय. ‘ओंद फीका आ इश्तासाँव?’ म्हणजे ‘स्टेशन कुठे आहे?’ हे आता झोपेतही विचारू शकते. त्याच जोरावर, पुतण्याच्या अक्षराभ्यासासाठी बासरला निघालो तेव्हा घरात जाहीर करून टाकलं, ‘तिथे वाट मी विचारणार, तीही तेलुगूत!’

बासर म्हणजे धर्माबादच्या पुढचं, गोदावरीकाठचं ज्ञानसरस्वतीचं गाव. २०१६ पर्यंत ते आदिलाबाद जिल्ह्यात होतं, आता निर्मल जिल्ह्यात आहे. मराठवाड्यातली कितीतरी मुलं पहिलं अक्षर इथेच गिरवतात.

सकाळी उतरलो होतो तिथून चालतच निघालो. आईचे गुडघे दुखत होते, पुतण्या दादाच्या खांद्यावर. फुलवाल्या आजींना मी ऐटीत विचारलं, ‘अम्मा, गुडी एक्कड उंदी?’ देऊळ कुठे आहे? माझा उच्चार बहुतेक फारच चांगला झाला असावा, कारण आजींनी भराभरा, हातवारे करत, अख्खा परिच्छेद सांगितला. त्यातले दोनच शब्द माझ्या हाती लागले: ‘नेरुगा’, म्हणजे सरळ, आणि ‘गुडी’. झालं तर! सरळ गेलं की देऊळ.

बराच वेळ सरळच गेलो. ऊन वाढलं, आई एका पारावर बसली आणि पुतण्याने ‘आत्या, देव कुठाय?’ म्हणून भोकाड पसरलं. शेवटी दादाने एका पानवाल्याला गाठलं. तो शांतपणे म्हणाला, ‘मागे उजवीकडे वळायचं होतं ना ताई.’ अस्सल मराठीत! आजी ‘गुडी’ नव्हे, ‘कुडी’ म्हणाल्या होत्या. तेलुगूत कुडी म्हणजे उजवी बाजू. डावी बाजू एडम.

अक्षराभ्यास छान झाला. पुतण्याने पाटीवर पेन्सिल धरली, गुरुजींनी त्याचा हात धरून अक्षर उमटवलं, आणि मी मागे उभी राहून मनात पोर्तुगीजची उजळणी करत होते. (सरस्वतीने समजून घेतलं असेल.) तेव्हा ध्यानात आलं, की तिकडे तर माझी याहून वाईट फजिती ठरलेली आहे. पोर्तुगीजमध्ये ‘आ दिरैता’ म्हणजे उजवीकडे आणि ‘आ दिरैतु’ म्हणजे सरळ! फरक फक्त शेवटच्या स्वराचा. ‘सरळ’साठी ‘एँ फ्रेंत’ हाही शब्द आहे; पण समोरचा माणूस कोणता वापरेल, ते आपल्या हातात थोडंच आहे?

मग घरी येऊन अभ्यासच बदलला. प्रश्नांची पाठांतरं थांबवली, उत्तरं ऐकायला लागले. सगळ्यात आधी पाठ केलं ते ‘माइश दवागार, पुर फवोर’, म्हणजे ‘जरा सावकाश’. आता उत्तर मिळालं की तेच परत म्हणून दाखवायचं, हाताने दिशा दाखवत: ‘आ दिरैता?’ समोरच्याने मान हलवली की मगच पाऊल उचलायचं. बासरला मी एवढंच केलं असतं तर आईचे गुडघे वाचले असते. पर्यटन माहिती केंद्राला तिकडे ‘पोश्तु द तुरीझ्मु’ म्हणतात. तिथे नकाशा मागायचा आणि त्यावरच बोट ठेवायला लावायचं. आभार मानताना बाईने ‘ओब्रिगादा’ म्हणायचं, पुरुषाने ‘ओब्रिगादु’. दादा अजून चुकतोच.

शब्द मात्र पटापट लक्षात राहतात. बटाटा तिकडे ‘बताता’, पाव ‘पाँव’, चावी ‘शाव’. हे आपल्याकडे त्यांच्याकडूनच आले. आई म्हणते, ‘पगारही तिकडचाच ना? मग तेवढ्यावर भागेल तुझं.’ तिचे गुडघे आता बरे आहेत. लिस्बन सगळं चढउतारांचं आहे, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.